इंग्रजीच्या चुका : काही त्यांच्या, काही आपल्या
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा ‘इंग्रजी कसे सुधारावे’ असा विषय सुचविला. मी त्यांस म्हटले, “इंग्रजी सुधारणे भल्याभल्या इंग्रजांना साधले नाही, ते माझ्यासारख्या खेड्यातल्या मास्तराला कसे साधावे?” तेव्हा ते हसून म्हणाले, “गुरुजी, इंग्रजी नव्हे हो, आपल्या मुलांचे इंग्रजी!” पण माझे उत्तर अगदीच गमतीचे नव्हते, हे पुढे आपल्या ध्यानात येईल.

माझी योग्यता आरंभीच सांगून टाकतो. १९७४ साली मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, वर अध्यापनाची पदविका घेतली आणि २०१६ साली निवृत्त होईपर्यंत घोटी-इगतपुरीच्या बाजूच्या खेड्यांतून मुलांना शिकविले. इंग्रजीही शिकविले. कोणा इंग्रजाशी समोरासमोर बोलण्याचा प्रसंग मात्र आयुष्यात आला नाही, त्यामुळे माझ्या उच्चारांस आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

१९८३ सालची गोष्ट आहे. पाचवीचा वर्ग होता. त्या काळी आमच्याकडे इंग्रजीचा श्रीगणेशा पाचवीत होई. फळ्यावर मी सुरीचे चित्र काढले, त्याखाली के-एन-आय-एफ-ई असा शब्द लिहिला आणि एका मुलास वाचावयास सांगितले. तो हुशार होता. त्याने एकेक अक्षर जुळविले आणि खणखणीत आवाजात वाचले, “किनाईफ!” वर्ग हसला. मी म्हटले, “नाईफ. यातला के सायलेंट आहे.” त्यावर त्याने निरागसपणे विचारले, “गुरुजी, मग तो लिहिला कशाला?”

आता खरे सांगतो, मला उत्तर ठाऊक नव्हते. मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही माझ्या गुरुजींना कधी विचारले नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर मास्तरास येत नाही तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी उद्धट ठरतो, हा शाळेचा फार जुना कायदा आहे. मी त्यास दोन छड्या मारल्या आणि तो शब्द पन्नास वेळा लिहावयास लावला. मुलांनी त्याचे नाव ‘किनाईफ’ पाडले. गावात ते नाव त्यास पुष्कळ वर्षे चिकटून राहिले. इंग्रजीच्या तासाला मात्र तो पुन्हा कधी मोठ्याने वाचावयास उभा राहिला नाही.

या प्रश्नाचे उत्तर मला पंधरा वर्षांनी, १९९८ साली, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात एका पुस्तकात सापडले. ते असे, की त्या मुलाचे काहीही चुकले नव्हते. तो केवळ पाच-सहाशे वर्षे उशिरा जन्मला होता. पूर्वी इंग्रज लोक त्या शब्दातील ‘के’ स्पष्ट उच्चारीत असत. गुडघ्याला इंग्रजीत ‘नी’ म्हणतात, त्याच्याही आरंभी असाच मुका ‘के’ आहे. तोच शब्द जर्मन लोक आजही ‘क्नी’ असा म्हणतात. सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजांच्या तोंडून तो ‘के’ गळाला, पण कागदावरून गळाला नाही. मधल्या काळात छापखाना आला होता ना! विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला. खिळे जुळविणाऱ्याने शब्द जसा बसविला तसा तो हळूहळू पक्का होत गेला. पुढे १७५५ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश निघाला आणि स्पेलिंगावर जणू मोहोर उमटली. जीभ पुढे गेली, हात मागे राहिला. इंग्रजी स्पेलिंगाची निम्मी कर्मकथा एवढ्यात आटोपते.

पण मला खरा धक्का पुढच्या पानावर बसला. जाणणे या अर्थाचे ‘नो’ हे क्रियापद आपण लिहितो के-एन-ओ-डब्ल्यू. त्यातला हा ‘के-एन’ आणि आपल्या ‘ज्ञान’ या शब्दातला ‘ज्ञ’ एकाच मुळातून आले आहेत. इंग्रजांचा के तो आपला ज, त्यांचा एन तो आपला ञ. गुडघ्याचा ‘नी’ आणि संस्कृत ‘जानु’ हेही असेच सख्खे भाऊ. आता आपण सर्वांनी एक करावे. ‘ज्ञाति’ हा शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा. त्यात ‘ज’ ऐकू येतो काय? आपण मराठी माणसे ‘द्न्याति’ म्हणतो, हिंदी भाषिक ‘ग्याति’ म्हणतात आणि लिहितो मात्र सारेच ज अधिक ञ. म्हणजे इंग्रजांचा सायलेंट के पाहून हसणाऱ्या आपल्या ज्ञातिसंस्थेच्या पाटीवरच एक मुके अक्षर आरंभापासून बसले आहे!

‘नाईट’ म्हणजे रात्र. त्यातील ‘जी-एच’ची कथा अशीच. तेथे पूर्वी ‘ख’सारखा घशातला उच्चार होता. आपल्या घरांतून वडीलधाऱ्या स्त्रिया नक्त करीत, म्हणजे दिवसभर उपवास करून रात्री भोजन करीत. ते ‘नक्त’ आणि हे ‘नाईट’ एकाच कुळातले. नावाला इंग्रजीत ‘नेम’ म्हणतात. सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज त्याचा उच्चार जवळजवळ ‘नाम’ असाच करी. पुढे १४०० ते १७०० या काळात त्यांचे दीर्घ स्वर एकामागून एक घसरत गेले, ‘आ’चा ‘ए’ झाला, ‘ई’चा ‘आय’ झाला. तेव्हा आपला नातू एन-ए-एम-ई हे ‘नामे’ असे वाचील, तर त्याच्यावर ओरडण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

काही मुकी अक्षरे मात्र कधीच बोलत नव्हती. ती केवळ प्रतिष्ठेसाठी घरात आणून बसविलेली आहेत. कर्जाचा शब्द ‘डेट’ व शंकेचा शब्द ‘डाऊट’ यांत ‘बी’ आहे. हे शब्द इंग्रजीत फ्रेंचांकडून आले तेव्हा त्यांत बी नव्हता. पुढे लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी पाहिले की लॅटिनमधल्या मूळ शब्दांत बी आहे, आणि आपले पांडित्य दिसावे म्हणून तो आणून खोचला. कर्जात व्याज शिरावे तसा तो बी शिरला, तो आजतागायत फिटलेला नाही. बेटाला ‘आयलंड’ म्हणतात, त्यातील ‘एस’ तर निव्वळ गैरसमजाचा. तो मूळ इंग्रजी शब्द. त्याचा लॅटिनशी काडीचा संबंध नसता फ्रेंचांवरून आलेल्या ‘आईल’ या दुसऱ्याच शब्दाकडे पाहून त्याच्या गळ्यात एस बांधला गेला. थोरामोठ्यांशी सोयरीक दाखविण्याची हौस एकट्या आपल्या समाजातच आहे असे समजण्याचे कारण नाही.

आता आमच्या घोटीची गंमत ऐका. इंग्रजांत एक जुने कोडे आहे. ‘इनफ’ शब्दातल्या जी-एचचा उच्चार फ, ‘विमेन’ शब्दातल्या ओचा उच्चार इ आणि ‘नेशन’ शब्दातल्या टी-आयचा उच्चार श. ही अक्षरे एकत्र लिहिली, जी-एच-ओ-टी-आय, तर उच्चार काय व्हावा? ‘फिश’, म्हणजे मासा! हे कोडे बर्नार्ड शॉ याच्या नावावर खपविले जाते; परंतु ते १८५५ सालच्या एका पत्रात सापडते आणि शॉचा जन्म १८५६ चा. आता कल्याणहून नाशिककडे येताना इगतपुरी मागे पडली म्हणजे कोणते स्टेशन लागते? घोटी! पाटीवरील इंग्रजी अक्षरे पाहावी : जी-एच-ओ-टी-आय. ज्या शब्दाने इंग्रजांना आपल्या लेखनाची लाज वाटली, तो आमच्याकडील गाडीवानही बिनचूक वाचतो. शॉलाही हे स्पेलिंग मानवत नव्हतेच. १९५० साली तो वारला तेव्हा नवी वर्णमाला तयार करण्यासाठी त्याने मृत्युपत्रात पैसा ठेवला होता. वर्णमाला तयार झाली, १९६२ साली त्याचे एक नाटक तीत छापूनही निघाले, आणि इंग्रज पुन्हा आपल्या जुन्या वाटेने चालू लागले.

योगायोग असा, की त्याच १९६२ साली आपल्या मराठीच्या शुद्धलेखनाचे नवे नियम आले. त्यापूर्वी ‘नाव’, ‘काही’, ‘पाच’ या शब्दांच्या डोक्यावर अनुस्वार देत. उच्चारीत कोणी नसे. व्युत्पत्तीचा मान म्हणून तो टिंब तेथे बसलेला असे. तो गेला. पण म्हणून मराठी अगदी सरळ झाली असे नव्हे. ‘चार गुरे चारून आण’ या वाक्यातील पहिला च आणि दुसरा च एकच आहेत काय? जगात जगावयाचे तर दोन वेगळे ज उच्चारावे लागतात आणि लिहावयास मात्र एकच ज. आपणांस हे कोणी शिकविले नाही, आईच्या मांडीवर आले. इंग्रजांच्या मुलांनाही त्यांचे तसेच येते. आपली मुले ते वयाच्या दहाव्या वर्षी छडीसमोर बसून शिकली, फरक एवढाच.

स्पेलिंगाची बाजू झाली. व्याकरणात मात्र दोष बहुधा आपला. तोही मूर्खपणाचा नव्हे, मराठीवरील निष्ठेचा आहे. गेली काही वर्षे आपल्या संस्थेच्या वधू-वर सूचीसाठी येणारी माहितीपत्रके तपासण्याचे काम माझ्याकडे आहे, तेव्हा हे मी पुराव्यानिशी बोलतो. एका सद्गृहस्थांनी लिहिले होते, “आय ॲम हॅविंग टू सन्स.” गृहस्थ साठीचे. मराठीत आपण म्हणतो, मला दोन मुलगे आहेत. इंग्रजांच्या ‘हॅव’सारखे क्रियापद आपल्याकडे नाही; आपण ‘माझ्याकडे आहे’, ‘मला आहे’ असे म्हणून काम भागवितो. मग तो ‘आहे’ आपल्याबरोबर इंग्रजीत येतो, त्याचा ‘ॲम’ होतो, आणि एकटा बरा दिसत नाही म्हणून त्यास ‘हॅविंग’ जोडले जाते. इंग्रजाच्या कानाला मात्र त्याचा अर्थ असा लागतो, की हे वयोवृद्ध गृहस्थ लवकरच दोन पुत्रांना जन्म देणार आहेत. जे आपल्यापाशी कायमचे आहे, जे आपणांस माहीत आहे, जे आवडते, तेथे ‘इंग’ लावू नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

दुसरी चूक मुलींच्या माहितीपत्रकांत हमखास. ‘गर्ल इज होमली.’ आपणांस म्हणावयाचे असते, मुलगी घरगुती वळणाची आहे. अमेरिकेत ‘होमली’ म्हणजे दिसावयास सुमार! मुलगा अमेरिकेत, त्याचे मित्र तेथले. त्यांच्यापैकी कोणी ते वाचले तर त्यास वाटावे, बाप किती प्रामाणिक आहे पाहा! मी तो शब्द दिसला की खोडतो. काही पालक रागावून पुन्हा लिहून आणतात. त्यांचीही समजूत घालतो.

‘ए’ आणि ‘द’ ही इंग्रजी उपपदे आपल्याकडे नाहीत, म्हणून ती कोठे लावावी हे मुलांस कळत नाही. मी त्यांस आजीची गोष्ट आठवावयास सांगत असे. एक राजा होता. तो राजा शिकारीला गेला. प्रथम भेटला तेव्हा ‘एक’, ओळख झाल्यावर ‘तो’. ‘ए’ म्हणजे एक, ‘द’ म्हणजे तो. या एका गोष्टीवर निम्मी वाक्ये सुटतात. उरलेल्या निम्म्या वाक्यांसाठी इंग्रजांचे पुष्कळ वाचन हवे, त्यास दुसरा उपाय मला सापडला नाही.

‘डिड यू वेंट?’ हा प्रकार पदवीधरांतही आढळतो. येथे भूतकाळ दोनदा आला. नदीकाठाहून घागर भरून आणताना एकाने डोक्यावर घेतली म्हणजे दुसऱ्याने हात हलवीत यावे, तसे हे आहे. ‘डिड’ने भूतकाळाची घागर उचलली, आता ‘गो’ने मोकळे चालावे. ‘डज’ आला की पुढल्या क्रियापदाचा ‘एस’ जातो तोही याच न्यायाने. अमक्याशी लग्न झाले म्हणून आपण ‘मॅरीड विथ’ लिहितो, अमक्याबद्दल चर्चा केली म्हणून ‘डिस्कस अबाऊट’. विभक्तिप्रत्यय आपल्या पाठीमागून येतातच, मांजर घर बदलताना मागून येते तसे. इंग्रज ‘मॅरीड टू’ म्हणतो आणि ‘डिस्कस’च्या पुढे काहीच लावीत नाही.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या पाठच कराव्या लागतात. ‘लूज’ म्हणजे हरविणे व ‘लूस’ म्हणजे सैल. एका ‘ओ’चा फरक. ज्यातला ओ हरवला तो हरविण्याचा शब्द समजावा. सल्ल्याचे नाम ‘सी’ने, क्रियापद ‘एस’ने. ‘स्टेशनरी’च्या जोडीने मला स्वतःला शिकविले. एकदा शाळेसाठी कागद-खडूंची मागणी करताना मी ‘ई’च्या जागी ‘ए’ लिहिला. वरिष्ठांनी लाल शाईने शेरा मारला, ‘या शब्दाचा अर्थ एकाच जागी स्थिर असलेला. हा गुण आपल्या शाळेत आधीच पुरेसा आहे, अधिक पाठविता येत नाही.’ कागद मात्र त्यांनी पाठविले. पाकिटाला इंग्रजीत एन्व्हलप म्हणतात, त्याचा आरंभ ‘ई’ने, पाकिटे ज्या दुकानात मिळतात तेथे ‘ई’, हे मी त्यानंतर विसरलो नाही.

एका चुकीचा मात्र मी कैवार घेणार आहे, ती म्हणजे ‘कझिन ब्रदर’. परीक्षेत लिहू नये, गुण जातात. पण आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ एवढी माणसे ज्या भाषेने एका ‘कझिन’मध्ये कोंबली, आणि तो भाऊ की बहीण हेही सांगितले नाही, तेथे आपल्या माणसाने ‘ब्रदर’ जोडून घेतला तर त्याने काय पाप केले? सोयरसुतक ज्याला पाळावयाचे आहे त्याचे नुसत्या ‘कझिन’वर भागत नाही.

असो. त्या मुलाची गोष्ट अर्धी राहिली आहे. ते आपल्याच समाजातले आहेत आणि आज या सभागृहात बसलेले आहेत. त्यांच्या अनुमतीने सांगतो. नाव सांगणार नाही. पुढे ते माध्यमिक शाळेत गेले आणि दहावीला इंग्रजीत नापास झाले. बाकीच्या विषयांत उत्तीर्ण होते. पुन्हा बसले नाहीत. भातगिरणीत हमालीला लागले, आणि स्वतःच्या कर्तबगारीने आज एका भातगिरणीचे मालक आहेत. १९९८ साली मला उत्तर सापडले त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे जावयास हवे होते. गेलो नाही. लाज वाटली. नोकरी संपली, त्यालाही वर्षे लोटली, आणि गतवर्षी एका सकाळी मी त्यांच्या गिरणीत जाऊन बसलो.

त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी सगळे सांगितले. तो के, तो गुडघा, ते ज्ञान, तो छापखाना. यंत्राचा आवाज मोठा होता, म्हणून त्यांनी ते बंद करविले. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “म्हणजे गुरुजी, माझं बरोबर होतं.”

“होय,” मी म्हटले.

ते थोडा वेळ कोंड्याच्या ढिगाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हे दहावीच्या आधी कळायला पाहिजे होतं. पेपर समोर आला, की मला तो वर्गच हसताना ऐकू यायचा.”

यावर मजजवळ काही उत्तर नव्हते. त्यांनी चहा मागविला. चहा घेताना ते म्हणाले, “आमची धाकटी आठवीत आहे. तिलाही ‘कशाला’ विचारायची फार खोड आहे. शाळेत बोलणी खाते. तुम्ही शिकवाल का तिला, गुरुजी?”

अध्यक्ष महाराजांच्या संमतीने, पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता संस्थेच्या याच सभागृहात मी इंग्रजीचा वर्ग घेणार आहे. शुल्क नाही, वयाची अट नाही. सुना, सासवा, दुकानदार, कोणीही यावे. नोंदवहीत पहिले नाव त्या मुलीचे आहे. येताना एक वही आणावी, आणि लिहावयास पेन आणावे, पेन्सिल व खोडरबर आणू नये. चूक झाली तर ती मला पाहावयाची आहे. प्रश्नाचे उत्तर मला येत नसेल तर मी तसे सांगेन आणि पुढील रविवारपर्यंत शोधून आणीन. नाशिकचे वाचनालय अजून चालू आहे.